खाजेवाल्याचा सारस

पूर्वी वंजुळनगरात केतुमान नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका बहुरूप्याच्या घरी जन्मला होता. घर आपले म्हणायचे एवढेच. बहुरूप्याचे घर त्याच्या गाठोड्यात असते आणि गाठोडे पाठीवर. त्या जन्मी बोधिसत्त्वाचे नाव नंदिक होते. राजाचे, भिकाऱ्याचे, सावकाराचे सोंग तो करीच. पण त्याची खरी करामत होती पाखरांचे आवाज काढण्यात. रानावनातून भटकताना तो पाणवठ्याच्या काठी तासन्‌तास ऐकत बसे, आणि ऐकलेला आवाज त्याच्या गळ्यात मुक्कामाला येई.

त्याच्याबरोबर त्याची म्हातारी आई असे आणि आईला वाहणारे एक म्हातारे गाढव. आईचे पाय सुजत आणि ठणकत. "नंदिका," ती म्हणे, "आता मला आणि या गाढवाला एका जागी बांध बाबा. दोघांनाही पुढचे गाव नको झाले आहे." ती हसत म्हणे, पण बोधिसत्त्वाच्या काळजाला ते लागे. आईच्या डोक्यावर एक छप्पर यावे, याहून वेगळे मागणे त्याच्या मनात नव्हते.

एका फाल्गुनात ते वंजुळनगरात आले. नगराच्या पूर्वेला लव्हाळ्यांची आणि कमळांची मोठी पाणथळ होती, आणि तिच्यामुळे नगराला एक जुनी चाल पडली होती. फाल्गुनी पौर्णिमेच्या सकाळी राजाने बांधावर उभे राहून पाणथळीतल्या एकेका जिवाला त्याच्याच आवाजात साद घालायची, आणि तिकडून त्या जिवाने उत्तर द्यायचे. उत्तर आले की लोक लाह्या उधळीत आणि ढोल बडवीत. पाणथळ बोलली म्हणजे सगळे क्षेम आहे, येत्या पावसात भात पिकणार, असा त्यांचा विश्वास. राजा केतुमान मनाने मोठा होता, गळ्याने मात्र बेताचा. त्याची सारसाची साद ऐकून सारस तर सोडाच, गाढवसुद्धा बुचकळ्यात पडले असते. तरी दरवर्षी सगळी उत्तरे अगदी बिनचूक येत, आणि यात कोणाला काही नवल वाटत नसे.

सण जवळ आला होता. बोधिसत्त्वाने चव्हाट्यावर गाठोडे सोडले आणि नगराचा मान म्हणून पहिला आवाज सारसाचा काढला. नर लांब तुतारी फुंकतो, मादी मध्येच आखूड सूर जोडते. जोडीची ही दोन्ही अंगे त्याने एका गळ्यातून काढून दाखवली. उत्तरेकडच्या गवताळ रानात त्याने ती ऐकली होती. लोक क्षणभर पाहत राहिले आणि मग खो खो हसत सुटले.

"हा कसला सारस?" एक माळीण म्हणाली. "आमचा सारस असा नाही ओरडत. पोरांनो, दाखवा रे याला!"

"ढ्यांव! ढ्यांव! ढ्यांव! हुर्रर्र!" पोरांनी एका दमात दाखवले.

बोधिसत्त्व चक्रावला. असे ओरडणारे पाखरू त्याने जन्मात ऐकले नव्हते. त्या आवाजात पाखरू कमी आणि जेवण अंगावर आलेला माणूस जास्त होता. त्याने मुकाट्याने दुसरा आवाज काढला, चक्रवाकाचा. आता मात्र सगळे गप्प झाले. मघाच्याच माळिणीने डोळ्यांना पदर लावला. "हुबेहूब रे बाबा! परवापरवापर्यंत हे असेच ऐकू यायचे. हल्ली कुठे गेले कोण जाणे." बोधिसत्त्वाच्या मनात पाल चुकचुकली. चक्रवाक नुकतेच दिसेनासे झाले म्हणून यांना आठवतात. मग सारस जाऊन किती काळ लोटला असेल, की तो गेल्याचेही कोणाला ठाऊक नाही?

गर्दीत राजाचा उत्सवाधिकारी भद्रसेन उभा होता. त्याने बोधिसत्त्वाला बाजूला घेतले.

"हे बघ, यंदा चक्रवाक जरा रुसले आहेत. सणाच्या दिवशी लव्हाळ्यात बसून त्यांचे उत्तर तू दे. लोकांचा आनंद कशाला मोडायचा? काम फत्ते झाले की वेशीजवळचे कौलारू घर तुझे. मात्र कुणाजवळ बोलायचे नाही. आणि ऐन वेळी दगा दिलास, तर वेशीबाहेरची वाट तुला माहीत आहेच."

भद्रसेन दुष्ट नव्हता. लोकांना खूश ठेवणे हे त्याचे काम होते आणि ते तो जीव ओतून करी. जाता जाता तो भाबडेपणाने आणखी म्हणाला, "आणि झकास ओरड बरं का! उत्तरे चांगली आली की महाराज दुसऱ्याच दिवशी पाणथळीचा एक तुकडा बुजवून शेतीला देतात. यंदा कमळांकडचा अख्खा भाग द्यायचे घाटते आहे. एवढी बोलकी पाणथळ! थोडी घेतली तर काय बिघडते?"

संध्याकाळी बोधिसत्त्वाने आईला ते घर बाहेरून दाखवले. काम काय करायचे ते मात्र तो बोलला नाही. म्हातारीने भिंतीला हात लावून पाहिला, चूल कुठे मांडायची ते ठरवले आणि गाढवाला अंगणातला कोपरा दाखवून टाकला. गाढवाने तो लगेच पसंत केला. इतक्या आनंदात आईला त्याने कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

पौर्णिमेला उजाडता उजाडता बोधिसत्त्व अंगाला चिखल फासून आणि डोक्याला लव्हाळी बांधून पाणथळीत शिरला. सोंगे त्याने पुष्कळ केली होती, गवताच्या बेटाचे हे पहिलेच. थोडे आत गेल्यावर त्याला साजुक तुपातल्या खाज्यांचा वास आला. पाणथळीत खाज्यांचा वास येण्याचे काही कारण नव्हते. त्याने लव्हाळी बाजूला सारली, तर आत एक गलेलठ्ठ माणूस पाटावर मांडी घालून फराळ करीत बसला होता.

दोघेही दचकले.

"कोण रे तू?" तो माणूस म्हणाला.

"मी चक्रवाक. आणि आपण?"

तो माणूस ओशाळला. "मी सारस," तो म्हणाला.

तो सोमिल होता, पेठेतला खाजेवाला. हे काम त्याला वडिलांकडून आले होते. वडिलांनीही सारस पाहिलेला नव्हता. आजोबांनी पाहिला असावा, अशी घरात समजूत होती. "खरा कसा ओरडतो देव जाणे. मी आपला माझ्या परीने ओरडतो," सोमिल म्हणाला, आणि मग त्याला राहवले नाही. "शेवटचे ते हुर्रर्र मात्र माझे स्वतःचे हं."

"अहो, हळू बोला! कुणीतरी ऐकेल," लव्हाळ्यापलीकडून दबका आवाज आला. तो नगरातला न्हावी होता, आणि बरीच वर्षे पाणकोंबडीही तोच होता. त्याच्या मागून पोटाशी मडके धरलेला एक कुंभार उठला. त्या मडक्यात तोंड घालून तो बेडकांचा कल्लोळ उठवी. भद्रसेनाने प्रत्येकाला वेगवेगळी शपथ घातली होती. प्रत्येकजण वेगळ्या वाटेने येई, वेगळ्या बेटात बसे, आणि समजे की आपलेच पाखरू तेवढे रुसले आहे, बाकीची पाणथळ गजबजलेली आहे.

चौघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिले आणि मग हसू लागले. तोंडावर हात दाबून, पोट धरून हसले. कुंभार तर हसता हसता चिखलात बसला.

"म्हणजे मी सारस, हा पाणकोंबडी आणि हा बेडूक!" सोमिल डोळे पुसत म्हणाला. "अरे, मग खरे कोण आहे इथे?"

हसणे ओसरले. चौघांनी कान दिले. लव्हाळ्यातून वारा जात होता, पाणी काठाशी चुबकत होते, बाकी काही नाही. एवढी थोरली पाणथळ आणि तिच्यात चार माणसे लपलेली. बोधिसत्त्वाला फार वाईट वाटले. चिखलात उभ्या उभ्या त्याचे डोळे भरून आले.

"दरवर्षी आपण ओरडतो," तो म्हणाला, "आणि दुसऱ्या दिवशी एक तुकडा बुजतो. राहायला जागा नाही म्हणून पाखरे जातात, आणि ती गेल्याचे कुणाला कळू नये याची सोय आपण करतो. सोमिलदादा, मी आज गप्प राहणार."

"अरे, सणाचा दिवस! लोक घाबरतील."

"घाबरू देत. घर पेटल्यावर झोपलेल्याला कोणी अंगाई म्हणत नाही."

असे तो बोलून गेला खरा, पण लगेच त्याला चुलीची जागा ठरवणारी आई आठवली. तिच्या सुजलेल्या पायांपुढे सगळी पाणथळ त्याला क्षणभर लहान वाटली. एक हाक मारली की छप्पर आईचे, मग जन्मभराची पायपीट संपली. मन एकदा इकडे, एकदा तिकडे होऊ लागले. पण इतक्या जिवांची घरटी मोडून मिळालेल्या घरात आईला झोप कशी लागेल, हे त्याच्या मनात आले आणि त्याचे मन जागेवर बसले. "तुमचे तुम्ही ठरवा," तो बाकीच्यांना म्हणाला. "मी कोणाचे तोंड धरणार नाही."

इतक्यात बांधावर ढोल वाजले. सगळे नगर नटूनथटून लोटले होते. राजाने रीतीप्रमाणे पहिली साद सारसाला घातली.

सोमिलची छाती सवयीने फुगली. तोंड उघडले, 'ढ्यां' ओठांवर आला. त्याने बोधिसत्त्वाकडे पाहिले, पाखरांविना ओस पडलेल्या कमळांकडे पाहिले, आणि हातातले अख्खे खाजे तोंडात कोंबले. राजाने पुन्हा साद घातली. सोमिलने दुसरे खाजे कोंबले. त्याचे गाल तट्ट फुगले, डोळ्यांतून पाणी वाहू लागले, पण तोंडातून ब्र निघाला नाही.

पाणकोंबडीची साद आली. न्हाव्याने पंचा दातांत धरला. बेडकांची साद आली. कुंभाराने मडके डोक्यावर पालथे घातले आणि तो आत स्वस्थ बसला. मग राजाने चक्रवाकाला साद घातली. आवाज बोधिसत्त्वाच्या गळ्यात जुळूनच होता, नुसते ओठ उघडायचा अवकाश. त्याने डोळे मिटले आणि तो आवाज गिळून टाकला.

बांधावरची कुजबूज थांबली होती. लाह्यांच्या मुठी तशाच मिटलेल्या राहिल्या. पाणथळ गप्प असते तेव्हा कशी असते, हे त्या लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकले. कुणाचे तरी तान्हे मूल रडू लागले. राजाचा चेहरा उतरला. आता चालीप्रमाणे शेवटची साद उरली होती, टिटवीची. टिटवी उठल्यासुटल्या दिसणारी, काठावर किरकिरणारी. तिची कोणी दखल घेत नसे आणि भद्रसेनाने तिच्यासाठी माणूसही नेमला नव्हता. राजाने खोल गेलेल्या आवाजात साद घातली.

"टिटिव्-टिव्! टिटिव्-टिव्!"

उत्तर आले. एकटे, कर्कश आणि खरे. बांधावरचे लोक लाह्या उधळायचे विसरले. त्यांच्यातले कितीतरी जण रडत होते, आणि का ते त्यांना सांगता आले नसते.

राजा जरीच्या वस्त्रांसह बांध उतरून थेट चिखलात शिरला. मागून भद्रसेन, पांढराफटक. लव्हाळ्यात त्यांना चिखलाने माखलेले चौघेजण सापडले: एकाचे गाल फुगलेले, एकाच्या दातांत पंचा, एकाच्या डोक्यावर मडके. चौथ्याने हात जोडले आणि काहीही न लपवता सगळे सांगितले.

"म्हणजे इतकी वर्षे मला फसवलेत?" राजा संतापाने म्हणाला. "आणि आज ऐन सणाला तोंडे मिटलीत! मी साद घातली आणि मला उत्तर मिळाले नाही!"

"मिळाले, महाराज," बोधिसत्त्व म्हणाला. "आजच मिळाले. कोणी नाही, हेच पाणथळीचे उत्तर आहे."

राजा काही बोलणार, तोच डोक्यावरून टिटवी सणाणत आली. उघड्या खडीत तिची अंडी होती आणि राजाचे पाऊल नेमके त्यांच्या दिशेने पडत होते. राजा खाली वाकला, मुकुट चिखलात पडला. मुकुट उचलायला तो पुढे सरला, तर टिटवी पुन्हा आली. शेवटी वंजुळनगरचा राजा दोन्ही हात डोक्यावर धरून मागे मागे सरकत गेला आणि पाण्यात बसला.

सगळे नगर बांधावरून पाहत होते. राजाने चिखलातल्या मुकुटाकडे पाहिले, पंख पसरून अंड्यांपुढे उभ्या राहिलेल्या त्या मूठभर पाखराकडे पाहिले, आणि तो मोठ्याने हसू लागला. मग बांधावरचे सगळेच हसले.

"ही एकटी उरली आहे," राजा म्हणाला, "पण आपल्या जागेसाठी राजाशीही भांडते आहे. आणि ही जागा उद्या मी हसत हसत देऊन टाकणार होतो." मुकुट त्याने तिथेच राहू दिला. पिल्ले उडून गेल्यावरच तो उचलला गेला.

राजाने कमळांकडचा भाग राखला. बुजवलेले तुकडे पुन्हा मोकळे केले आणि तिथल्या शेतकऱ्यांना माळावर जमिनी दिल्या. बांधलेले ओहोळ सोडले. पिल्ले उडेपर्यंत लव्हाळ्याला कोयता लावायचा नाही, असा दंडक घातला. भद्रसेनाला त्याने घालवून दिले नाही. "गोड बोलून लोकांना झोपवलेस, आता जागे कर," असे म्हणून सणाच्या दिवशी कोणाचे उत्तर आले नाही ते ढोल वाजवून सांगण्याचे काम त्याच्याकडे दिले. भद्रसेनाने तेही जीव ओतून केले.

बोधिसत्त्वाला राजाने ते कौलारू घर देऊ केले. "ते ओरडण्याबद्दल ठरले होते, महाराज, आणि मी ओरडलो नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "द्यायचेच तर मला गल्लीगल्लीतून या पाखरांचे खरे आवाज शिकवण्याची मुभा द्या. ज्याचा आवाजच ठाऊक नाही, तो गेल्याचे दुःख कोण करणार?"

गाढवावर बसून आलेली आई हे ऐकत होती. तिला घराची मूळ अट आताच कळली होती. तिने लेकाच्या चिखलाने भरलेल्या चेहऱ्यावरून हात फिरवला. "इतकी सोंगे केलीस, पण आज तू स्वतः उभा राहिलास," ती म्हणाली. मग राजाकडे वळून ती म्हणाली, "महाराज, आवाज शिकवायला त्याला द्या, छप्पर मला द्या. आमचे भांडण नाही."

राजाने बांधावर एक झोपडी बांधून दिली. गाढवाला कोपरा मिळाला. रोज संध्याकाळी बोधिसत्त्व एखाद्या चौकात बसे आणि पोरे, बायाबापड्या त्याच्याभोवती जमत. कोणी सवयीने हुर्रर्र केले की म्हातारी काठी आपटी. सोमिलही शिकायला येई. त्याला जमत काहीच नसे, पण येताना तो खाजे आणी, म्हणून त्याला कोणी काही म्हणत नसे.

वर्षे गेली. फाल्गुनी पौर्णिमेला आता ज्याचे उत्तर येई त्याच्यासाठी लाह्या उडत, आणि ज्याचे येत नसे त्याच्यासाठी सगळे नगर क्षणभर उगे राही. आधी बेडूक बोलले. कुंभाराने आनंदाने स्वतःचे मडके फोडले. मग पाणकोंबड्या आल्या. एका हिवाळ्यात चक्रवाकांचे थवे उतरले आणि त्या दिवशी नगरात कोणाचेच कामात लक्ष लागले नाही. सारस मात्र येईना.

राजा म्हातारा झाला. एका फाल्गुनात त्याने नेहमीप्रमाणे सारसाला आपली ती बेताची साद घातली. लोकांनी माना खाली घातल्या. क्षण गेला. भद्रसेन ढोलावर टिपरू टाकणार, इतक्यात कमळांच्या पलीकडून लांब तुतारीसारखा आवाज आला.

राजाच्या कपाळावर आठी पडली. "सोमिल!" तो गरजला. "पुन्हा?"

"महावाव, मी इधे आहे," राजाच्या अगदी शेजारून उत्तर आले. सोमिल लाह्यांची टोपली धरून उभा होता आणि त्याच्या तोंडात खाजे होते.

लांब सूर पुन्हा उठला, आणि या वेळी त्यात मध्येच एक आखूड सूर मिसळला. चव्हाट्यावर शिकून मोठी झालेली पोरे एकदम ओरडली, "जोडी आहे! जोडी आहे!" कमळांवरून दोन उंच, राखाडी पाखरे पंख पसरून वर आली, तांबड्या माना उन्हात चमकल्या. त्या दिवशी लाह्या इतक्या उधळल्या गेल्या की बांध पांढरा झाला. सोमिल मात्र टोपली धरून तसाच उभा होता. "किती चांगले ओरडतात रे," तो बोधिसत्त्वाला म्हणाला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जेतवनातल्या विहारात सांगितली, ती मल्लक नावाच्या भिक्षूसाठी. विहाराच्या बागेची देखरेख त्याच्याकडे होती. मधमाश्या नाहीशा झाल्या होत्या, झाडांना फळ धरत नव्हते; आणि येणाऱ्या उपासकांना वाईट वाटू नये म्हणून मल्लक बाहेरून फळे आणून फांद्यांना बांधून ठेवी.

शास्ते म्हणाले, "मल्लका, त्या वेळी भद्रसेन तू होतास आणि तुझे मन तेव्हाही वाईट नव्हते. राजा केतुमान म्हणजे आपला हा भिक्षू आनंद. बहुरूप्याची आई म्हणजे माझी या जन्मीची आई महामाया. खाजेवाला सोमिल तो हा उदुंबर." स्थूल उदुंबर भिक्षेतला शेवटचा घास गिळत होता, सगळ्यांच्या आधी तोच हसला. "आणि नंदिक बहुरूपी मीच होतो."

"आणि भगवन्, ती टिटवी?" मल्लकाने विचारले.

शास्ते हसले आणि त्यांनी बोट वर केले. बाहेर तळ्याकाठी कोणीतरी किरकिरत होते. "टिटिव्-टिव्!"

"ती अजून तेच काम करते आहे," शास्ते म्हणाले. "जिवांवर करुणा करणाऱ्याने आधी त्यांच्याविषयी खरे बोलावे. गोड खोट्याने कोणाचे घरटे वाचत नाही. भिक्षूंनो, हीच सत्यपारमिता."

मल्लकाने शास्त्यांना वंदन केले. मग तो उठला आणि फांद्यांना बांधलेली फळे सोडायला बागेत गेला.